लॉनऐवजी जलपिंपळी लावायची असेल तर

फुलपाखरांसाठी बाग करायची म्हटलं की आपल्याकडे कढीपत्ता, लिंबू, पानफुटी लावतात. चांगलंच करतात. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर ब्लू मॉरमॉन अंडी घालतं. 2015 साली महाराष्ट्रानं त्याला राज्य फुलपाखरू ठरवलं, तेव्हापासून बरेच जण कौतुकानं त्याची वाट बघतात. पण आपल्या घोट्याच्या उंचीवर उडणारी, अंगठ्याच्या नखाएवढी निळसर फुलपाखरं असतात, जमिनीवर पंख पसरून ऊन खात बसणारी भिरभिरी असते, त्यांच्यासाठी सहसा कोणी काही लावत नाही. उलट त्यांचं जे जमिनीलगतचं रान असतं ते ‘तण’ म्हणून उपटतो आणि तिथे विकतच्या लॉनच्या चटया अंथरतो. माझ्या घरापुढेही पाच वर्षं तेच होतं. हिरवं होतं, नीटनेटकं होतं, आणि त्यावर एक फुलपाखरू उतरत नव्हतं.

आता तिथे जलपिंपळी आहे. ती कशी लावायची, कशी राखायची आणि कुठे लावायची नाही, ते पहिल्यांदाच मातीत हात घालणाऱ्यांसाठी इथे सांगते.

आधी ओळख पटवा

जलपिंपळी ही आपल्याच मातीतली, जमिनीला चिकटून पसरणारी बहुवर्षायू वेल आहे. तळ्याच्या काठी, भातखाचराच्या बांधावर, कालव्याच्या कडेला, नदीच्या गाळपेराच्या जमिनीत तुम्ही तिच्यावरून चालला असाल. शास्त्रीय नाव फायला नोडिफ्लोरा. जुन्या पुस्तकांत ती लिपिया नोडिफ्लोरा म्हणून सापडते. घाणेरी ज्या कुळातली, त्याच कुळातली ही. घाणेरी मात्र अमेरिकेतून आली आणि इथल्या रानांवर स्वार झाली.

ओळखायच्या तीन खुणा. पानं समोरासमोर, देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद. दाते फक्त टोकाकडच्या अर्ध्या भागात, खालची कड सरळ. दुसरी खूण फुलांची: पेरातून दोन-तीन इंचांचा उभा दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखं जांभळट बोंड असतं. त्या बोंडाभोवती इवल्या फुलांचं एक कडं उमलतं, पांढरं, जुनं होताना गुलाबी-जांभळट होत जाणारं. खालचं कडं गळतं तसं वरचं उमलतं आणि बोंड लांबत जातं. लांबलेलं बोंड पिंपळीच्या फळासारखं दिसतं, नाव त्यावरूनच. तिसरी खूण सर्वांत पक्की. वेल हलकेच उचला. जमिनीला टेकलेल्या जवळजवळ प्रत्येक पेराला पांढरी मुळं फुटलेली दिसतील.

गफलत बहुधा काचरीशी होते. तिच्या पांढऱ्या फुलांचे गोंडे पानाच्या बेचक्यात, देठाशिवाय चिकटलेले असतात, आणि पानांना असे दाते नसतात. फुलाला लांब दांडा आहे का, एवढं बघितलं तरी पुरतं.

रोपवाटिकेत ‘ग्राउंड कव्हर द्या’ म्हटलं की पुष्कळदा वेडेलिया हातात येतं. चकचकीत पानं, पिवळी शेवंतीसारखी फुलं, भराभर वाढ. ते घेऊ नका. ते मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ओढ्यापर्यंत एक फांदी पोचली की तिथलं बाकी सगळं ते झाकून टाकतं. कोकणात रस्त्यांच्या कडेला हे होताना मी पाहिलं आहे आणि वाईट वाटतं.

ती कोणाकोणाला पोसते

मयूर भिरभिरी, म्हणजे पीकॉक पॅन्सी, या नारिंगी फुलपाखराच्या पंखांवर मोरपिसासारखे डोळे असतात. तिच्या अळ्या खातात त्या मोजक्या वनस्पतींत जलपिंपळी आहे, तालीमखानाही आहे. मादी पानावर एकेकटं हिरवट अंडं घालते. अळी काळपट आणि अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांची असते. बघून अंगावर काटा येतो, पण ते काटे टोचत नाहीत की खाजही आणत नाहीत.

या फुलपाखराचं एक मला फार आवडतं. पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीच्या पंखांची कड गोलसर असते आणि खालच्या बाजूलाही डोळे ठसठशीत असतात. कोरड्या ऋतूतल्या पिढीचे पंख टोकदार कोनांचे होतात आणि मिटले की थेट वाळकं पान. फरक इतका की 1758 साली जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं या दोन रूपांना दोन वेगळ्या जाती समजून दोन नावं दिली होती. अंगणात वेल असेल तर हा बदल तुम्हाला घराच्या पायरीवर बसून, एकाच वर्षात, ऑगस्ट आणि जानेवारीत बघता येतो.

मध मात्र सगळ्यांना. ग्रास ब्लू गटातली निळी फुलपाखरं या बोंडांवर सकाळभर असतात. त्यांची सोंड आखूड आणि ही फुलं त्यांच्या बेताची. मोठ्या देखण्या जास्वंदीचा त्यांना काही उपयोग नाही. फुलोरी आणि सातेरी मधमाश्या येतात, मुंगीएवढ्या रानमाश्या येतात, फुलमाश्या येतात. खालच्या ओलसर सावलीत सापसुरळी आणि छोटे बेडूक थांबतात. थंडीत धोबी पक्षी शेपटी हलवत या हिरवळीवरून फिरतो, किडे टिपतो.

जागा कोणती

ऊन हवं. दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर वेल लांबडी, विरळ होते आणि फुलं धरत नाही. आंब्याखाली, इमारतीच्या उत्तरेच्या सावलीत तिचा हट्ट धरू नका.

माती बहुतेक कोणतीही चालते. काळी चिकण माती, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल होते, तिच्यात लॉन रडतं. जलपिंपळी तिथे खूश असते, कारण तिचं मूळ घरच तळ्याकाठचं. पावसात चार दिवस पाणी साचलं तरी ती कुजत नाही. किनाऱ्याजवळची थोडी खारट जमीनही तिला चालते. अडचण येते ती निव्वळ मुरमावर आणि जांभ्याच्या उघड्या कातळावर. तिथे चार-सहा इंच मातीचा थर द्यावाच लागतो.

आणि पायांचा विचार करा. येता-जाता पाय पडले तरी ती सोसते, पण रोज क्रिकेट चालणार असेल तर नाही. फुलं असताना त्यावर माश्या असतात, तेव्हा लहान मुलांना अनवाणी सोडू नका. माश्या अंगावर धावून येत नाहीत, पण पायाखाली आली तर चावणारच. मी चालण्याच्या वाटेवर फरश्यांचे तुकडे पावला-पावलावर टाकलेत आणि त्यांच्या फटींत वेल सोडली आहे. दोन्ही गोष्टी साधतात.

जमीन तयार करणं: कंटाळा करायचा नाही तो इथे

पहिल्या वर्षी मी घाई केली. जुनं लॉन वरवर खरवडलं आणि वेल टोचली. महिन्याभरात हरळीनं डोकं वर काढलं आणि दोन्ही एकमेकांत असे गुंतले की एक उपटताना दुसरं हातात येई. शेवटी सगळं खणून पुन्हा सुरुवात केली. म्हणून सांगते, सगळी मेहनत मे महिन्यात करा, नंतर पुढची दोन वर्षं आराम आहे.

एप्रिल-मेमध्ये कुदळीनं सहा-आठ इंच खणा. हरळीची पांढरी कांडं आणि लव्हाळ्याच्या काळ्या गाठी हातानं वेचा. खणलेली माती पालथी करून कडक उन्हात तापू द्या. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा पालथी करा, राहिलेली कांडं वर येतील. जमिनीला पाणी देऊन वर पारदर्शक प्लास्टिक ताणून चार ते सहा आठवडे ठेवण्याचीही पद्धत आहे. त्यानं तणाचं बी बरंचसं मरतं. लव्हाळ्याच्या गाठी मात्र त्यालाही पुरून उरतात, त्यांना हाताशिवाय औषध नाही. तणनाशक मारू नका. ज्या जमिनीत अळ्या आणि बेडूक यावेत म्हणून हे सगळं करायचं, तिथेच विष कालवण्यात अर्थ नाही.

बाहेरून ट्रॉलीनं माती मागवणार असाल तर ती कुठून खणली ते विचारा आणि आल्यावर पाणी मारून आठवडाभर ढीग तसाच ठेवा. त्यात गाजरगवत असेल तर रोपं उगवून दिसतील, लहान असतानाच काढता येतील.

खत थोडकं. शंभर चौरस फुटांना दोन-तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलं की झालं. खत जास्त झालं तर पानं माजतात, फुलं कमी येतात, आणि आपल्याला फुलं हवीत. युरिया अजिबात नको. मग माती सपाट करा, पाणी घराच्या भिंतीकडे जाणार नाही इतका हलका उतार द्या.

बेणं कुठून आणायचं

बियांच्या नादी लागू नका. बी बारीक, उगवायला वेळखाऊ. कांडी लावली की काम होतं.

देशी रोपं ठेवणाऱ्या काही रोपवाटिकांत ती मिळते, जलपिंपळी किंवा लिपिया या नावानं विचारा आणि वरच्या खुणा तपासून घ्या. त्याहून सोपं म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याला विचारणं. बांधावरची वेल कोणी नाही म्हणत नाही, फक्त विचारून घ्यावी. एका जागेहून एक ओंजळ पुरे. बांध सोलून आणू नका, ती मुळं तिथे माती धरून असतात. अभयारण्यातून, राखीव वनातून काहीच आणायचं नाही. सांडपाण्याच्या नाल्याकाठचं बेणंही नको. त्याबरोबर काय काय येईल सांगता येत नाही.

गावाजवळचं बेणं घ्यावं, हा माझा आग्रह आहे. जे तुमच्या पावसात आणि तुमच्या उन्हात तगलेलं आहे तेच तुमच्या अंगणात तगेल.

आणल्यावर स्वच्छ पाण्यात खळबळून धुवा, गुंतलेली हरळी आणि गोगलगायी काढून टाका. मग चार ते सहा इंचांच्या कांड्या करा, प्रत्येकीला निदान तीन पेरं हवीत. मुळं असलेल्या कांड्या वेगळ्या ठेवा, त्या थेट जमिनीत जातील. बिनमुळांच्या कांड्यांची खालची पानं काढून त्या ग्लासभर पाण्यात उजेडात ठेवा, पाणी दोन दिवसांनी बदला. आठ-दहा दिवसांत मुळं दिसतात. मुलांच्या हातून करून घ्यावं असं हे काम आहे. मुळाचा पहिला पांढरा ठिपका दिसला की घरात आनंदीआनंद होतो.

लावणी

मृग लागला, दोन-तीन चांगले पाऊस झाले, आणि जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी, आली की लावा. चिखलात लावू नका, बोटांनी दाबलेली चिकण माती नंतर विटेसारखी आवळते. जून हुकला तर पुनर्वसू-पुष्यापर्यंत, म्हणजे जुलैअखेरपर्यंत हरकत नाही. घरचं पाणी असेल तर फेब्रुवारीतही लावता येतं, पण मग पहिला महिना रोज झारी घेऊन उभं राहायची तयारी हवी. एप्रिल-मेमध्ये नवी लागवड नको.

दोन कांड्यांत एक फूट अंतर. दहा बाय दहा फुटांच्या जागेला साधारण शंभर कांड्या लागतात. घाई असेल तर अर्ध्या फुटावर लावा, पण मग बेणं चौपट लागेल. मी एक फूटच सुचवीन.

कांडी उभी खोचायची नाही, आडवी ठेवायची. खुरप्यानं दीड-दोन इंचांची सरी काढा, कांडी तिरपी निजवा, दोन पेरं मातीत आणि एक पेर पानांसह वर. माती ओढून तळव्यानं दाबा. झारीनं पाणी द्या, पाइपची धार नको, कांड्या उघड्या पडतात. पाऊस नसेल तर पहिले दहा-बारा दिवस रोज हलकं पाणी.

या दिवसांत रोपं मरगळतात, पानं पिवळी पडतात. घाबरू नका. तिसऱ्या आठवड्यात नवी पालवी फुटली की समजायचं, जीव धरला. जिथे फुटली नाही तिथे शिल्लक कांड्यांनी नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, भरा. म्हणून पंधरा-वीस कांड्या एखाद्या कुंडीत राखून ठेवाव्यात.

पहिले तीन महिने

इथे काम एकच, खुरपणी. वेल जमीन झाकेपर्यंत मधल्या उघड्या मातीत तण येणारच. दर आठवड्याला अर्धा तास बसून उपटा. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते तेव्हा मुळासकट येतं. एक पावसाळा हे सांभाळलं की पुढे वेलच तणाला दाबून धरते.

सगळंच तण उपटू नका, हेही सांगायला हवं. तीन पानांची आंबुटी दिसली तर राहू द्या. तिच्यावर पेल ग्रास ब्लू या चिमुकल्या निळ्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. जमिनीलगतची रानमेथी आली तरी राहू द्या. शेंगवर्गातली आहे, जमिनीला नत्र देते, आणि ग्रास ब्लूच्या दुसऱ्या जातींना तशी रोपं लागतात. माझ्या अंगणात आता तिन्ही एकमेकांत मिसळल्या आहेत. लांबून एकसारखी हिरवळ, वाकून बघितलं तर तीन प्रकारची पानं. हरळी, लव्हाळा आणि गाजरगवत मात्र दिसेल तेव्हा काढायचं.

जूनमध्ये लावलेली माझी वेल दसऱ्यापर्यंत जवळजवळ सगळीकडे भिडली होती. पहिली बोंडं त्याआधीच, ऑगस्टमध्ये आली. तुमच्याकडे पाऊस कमी असेल तर जास्त वेळ लागेल. एखाद्या कोपऱ्यात वेल मागे पडली तर शेजारचा लांब फाटा तिकडे वळवून पेरावर मातीचं ढेकूळ ठेवा. दोन आठवड्यांत तिथे मूळ धरतं.

पाणी, छाटणी आणि कडा

पावसाळ्यात पाणी लागत नाही. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांतून एकदा, पण भरपूर. रोज शिंतोडे उडवले तर मुळं वरच राहतात. विदर्भ-मराठवाड्यात पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा ती करपेल, तपकिरी होईल, विरळ दिसेल. मुळं जिवंत असतात, पहिल्या पावसात पुन्हा फुटते. पाण्याची टंचाई असलेल्या गावात मी तर म्हणेन, मेमध्ये तिला सुकू द्या. बांधावरची वेलही दरवर्षी तशीच सुकते आणि परतते.

छाटणी वर्षातून दोनदा, एकदा जानेवारीत आणि एकदा मेअखेर. कात्रीनं किंवा ग्रास कटरनं जमिनीपासून दोन इंच ठेवून. आणि हे नीट वाचा: सगळी जागा एकाच दिवशी कापू नका. अर्धी आज, उरलेली तीन-चार आठवड्यांनी. पानांवर अंडी, अळ्या आणि देठांना लटकलेले कोष असतात. सगळं एकदम कापलं तर ती पिढी गेली. कापलेल्या फांद्या लगेच पोत्यात भरू नका, दोन दिवस शेजारी पसरून ठेवा, अळ्या आपल्या आपण हिरव्या भागाकडे सरकतात.

कडा राखणं ही मात्र दरमहाची जबाबदारी. ही वेल थांबत नाही. विटांची कड तिला अडवत नाही, ती वरून ओलांडून पलीकडे पेर टेकवते. महिन्यातून एकदा खुरप्याच्या पात्यानं कडेचे फाटे तोडा. भाजीच्या वाफ्याला आणि तिला किमान दोन फुटांचं अंतर ठेवा. तोडलेले फाटे ओढ्यात टाकू नका. वाळवून कंपोस्टात घाला किंवा शेजाऱ्याला बेणं म्हणून द्या.

पानं खाल्लेली दिसली तर

नवख्यांचा पहिला फोन याच गोष्टीसाठी येतो. पानांना भोकं पडलीत, काय फवारू? काहीही नाही. आपण ज्याची वाट बघत होतो तेच घडतं आहे. कडुनिंबाचा अर्कसुद्धा नको. तो सेंद्रिय आहे हे खरं, पण त्यातलं द्रव्य अळ्यांची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, आणि त्याला भिरभिरीची अळी आणि मिरचीवरची अळी यांत फरक कळत नाही. खाल्लेली वेल दोन आठवड्यांत नव्यानं भरून येते. मी एवढ्या वर्षांत एकदाही काही फवारलेलं नाही.

सोसायटीत धूरफवारणी होत असेल तर डासांचा विषय साचलेल्या पाण्यावर सोडवता येतो का, हे समितीशी बोला. कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, झाकण नसलेल्या टाक्या आवरल्या तर बराच प्रश्न सुटतो. आमच्याकडे यावर दोन बैठका लागल्या. आता निदान ही बाजू फवारणीतून वगळतात.

सापांची भीती बहुतेकांना वाटते. चार इंचांच्या या वेलीत मोठा साप लपत नाही. त्याला आवडतात विटांचे ढीग, लाकडांची रास आणि उंदरांची बिळं, ती आवरा. तरी पावसाळ्यात रात्री कुठल्याही हिरवळीवरून विजेरीशिवाय जायचं नाही, हा नियम पाळा.

अंगण नसेल तर

मुंबई-पुण्याच्या गॅलरीतही जमतं, ऊन असलं पाहिजे. सहा इंच खोल, खाली भोकं असलेला पसरट ट्रे किंवा ग्रो बॅग घ्या. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, थोडी वाळू. दीड बाय दोन फुटांच्या ट्रेला आठ-दहा कांड्या. ट्रे लवकर वाळतो, तेव्हा उन्हाळ्यात रोज पाणी लागेल. वेल कडेवरून खाली लोंबते आणि बोंडं अधांतरी झुलतात, दिसायला सुंदर. वरच्या मजल्यावर भिरभिरी अंडी घालायला येईल याची खात्री नाही, ती जमिनीलगत उडणारी. माश्या आणि काही निळी फुलपाखरं मात्र येतात. गच्चीवर दोन-तीन ट्रे शेजारी शेजारी ठेवले तर अधिक येतात, एकट्या ट्रेपेक्षा हिरवा पट्टा त्यांना लवकर सापडतो.

जिथे लावायची नाही

सडे, कातळ आणि पठारं सोडून द्या. कासपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांपर्यंत पावसाळ्यात जे जमिनीलगतचं फुलांचं राज्य उठतं, ते इंचभर मातीच्या थरात, आपल्या शिस्तीनं वाढतं. तिथे जलपिंपळी नेऊन लावणं म्हणजे त्यांच्या घरात घुसखोरी. उलटंही करू नका. तिथली गेंद, सीतेची आसवं ही रानफुलं घरी आणून कुंडीत जगत नाहीत. पाहावीत आणि तिथेच ठेवावीत.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट. अमेरिकेच्या फ्लोरिडा-टेक्सासकडे हीच जात तिथली स्थानिक आहे, तिथे तिच्यावर फेऑन क्रेसेंट आणि व्हाइट पीकॉक ही फुलपाखरं वाढतात, तेव्हा खुशाल लावा. ऑस्ट्रेलियात मात्र हात आवरा. तिची दक्षिण अमेरिकी बहीण, फायला कॅनेसेन्स, तिथे मरे-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानांत बेसुमार पसरलेली आहे आणि ‘लिपिया’ या एकाच नावाखाली दोघींची सरमिसळ होते.

पहिलं अंडं शोधताना

वेल भिडली, बोंडं आली, की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उन्हाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला जमिनीवर बसा. उभं राहून दिसत नाही. नारिंगी फुलपाखरू वेलीवर घुटमळतं, दोन सेकंद टेकतं, पोटाचं टोक वाकवतं, उडतं, पुन्हा फूटभर पुढे टेकतं. ते मध पीत नसतं, ती मादी असते. ती जिथे टेकली ती जागा नजरेत पक्की धरा आणि ती दूर गेल्यावर कोवळ्या पानांच्या दोन्ही बाजू बघा. खसखशीच्या दाण्याएवढं, हिरवट, उभ्या रेघांचं अंडं सापडेल. साधं भिंग असेल तर रेघा स्पष्ट दिसतात. पान तोडू नका. शेजारी एक काडी खोचून खूण करा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रोज सकाळी तिथे डोकावत जा.